उपचार कोठे थांबावेत? ख्रिस्ती वैद्यकीय नीतिविचाराचा एक अभ्यास

अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेल्या नातलगांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रुग्ण वृद्ध असतो, आजार अखेरच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो आणि श्वास व्हेंटिलेटरच्या आधारे चाललेला असतो. थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, यंत्र काढायला आम्ही होकार दिला, तर वडिलांना आम्हीच मारल्यासारखे होईल का हो?" त्याच बाकावरची बहीण म्हणते, "लागलं तर शेत विकू, पण यंत्र चालू ठेवा." दोघांचेही बोलणे प्रेमापोटीच असते आणि दोघांनाही उत्तर त्याच रात्री हवे असते.

अशा प्रसंगी शांतपणे विचार करणे कठीण असते. म्हणूनच प्रसंग ओढवण्यापूर्वी त्याचा अभ्यास व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या सेवेशी सादर करीत आहोत. आमचे रुग्णालय सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी खुले आहे आणि येथे कोणत्याही मताचा प्रचार करण्याचा उद्देश नाही. तरीही या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आम्ही ख्रिस्ती विचारपरंपरा निवडली, त्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे, उपचार कोठवर करावेत याचा तपशीलवार विचार या परंपरेत सुमारे पाचशे वर्षे सलग झालेला आहे आणि व्हेंटिलेटरचा प्रश्न प्रथम उभा राहिला तेव्हा डॉक्टरांनी याच परंपरेकडे विचारणा केली. दुसरे म्हणजे, महाराष्ट्रातील रुग्णसेवेचा एक ओघ या परंपरेतून आलेला आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेले रुग्णालय हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

दाखला आणि उतारशाळा

ख्रिस्ती सेवाविचाराचा उगम लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात शोधला जातो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकून दिले. याजक व लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. परक्या समाजातील एका शोमरोनी माणसाने मात्र त्याच्या जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि त्याची काळजी घेतली.

या दाखल्याचा शेवट आपण पुष्कळदा विसरतो. दुसऱ्या दिवशी त्या शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचन दिले. म्हणजे या कथेत करुणा आहे, जखमेवरील उपचार आहे, मुक्कामाची जागा आहे आणि तिचा खर्च उचलणारा माणूसही आहे. या चौथ्या गोष्टीकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहोत.

चौथ्या शतकात कैसरिया येथील बिशप बेसिल यांनी गरीब, आजारी व कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. तिची गणना इतिहासातील पहिल्या रुग्णालयांत केली जाते. वैद्यकविद्या ही ईश्वराची देणगी आहे असे बेसिल यांनी लिहिले. पण देह टिकविण्याच्या चिंतेभोवतीच सारे आयुष्य फिरू लागेल इतका खटाटोप करू नये, असा इशाराही त्यांनी दिला. जीवन ही ठेव आहे, तिचा सांभाळ करावा, परंतु तिला देव मानू नये, हा तोल तेव्हापासून या परंपरेत दिसतो.

सामान्य उपाय आणि असामान्य उपाय

या तोलाला नियमाचे रूप सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये मिळाले. सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांच्यापुढे प्रश्न होता, की प्राण टिकविण्यासाठी माणसाने काय काय करणे बंधनकारक आहे? त्यांचे उत्तर व्यवहारी होते. अन्न घेणे हे कर्तव्य आहे, परंतु सर्वांत उत्तम आणि महागडे अन्नच घेतले पाहिजे असे नाही. वैद्याने कोंबडीचे मांस खाण्यास सांगितले, तरी साध्या अन्नावर राहणारा माणूस आत्महत्येचा दोषी ठरत नाही. प्राण वाचविण्यासाठी सारी मालमत्ता विकून टाकण्याचे बंधनही कोणावर नाही.

त्याच विद्यापीठातील दोमिंगो बान्येझ यांनी १५९५ साली या विचारास 'सामान्य' व 'असामान्य' उपाय ही नावे दिली. सामान्य उपाय नाकारणे अयोग्य ठरते. असामान्य उपाय रुग्णाने स्वीकारावा किंवा नाकारावा, त्यात पाप नाही. त्या काळी असामान्य उपायाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे पाय कापण्याची शस्त्रक्रिया. भूल नव्हती, वेदना असह्य होत्या आणि जगण्याची खात्रीही नव्हती. १८४६ मध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढील काही दशकांत शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली. जी शस्त्रक्रिया एके काळी असामान्य होती, ती आज बहुतांशी सामान्य मानली जाते.

यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो. 'सामान्य' अथवा 'असामान्य' हे यंत्राचे किंवा औषधाचे अंगभूत गुण नव्हेत. अमुक रुग्णाला अमुक वेळी त्या उपायाचा लाभ किती आणि भार किती, यावर ते ठरते. आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. शेतात काम करताना मण्यार चावलेल्या तरुणाचे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविषासोबत काही दिवस व्हेंटिलेटरचा आधार मिळाल्यास असे अनेक रुग्ण पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. त्याच्यासाठी व्हेंटिलेटर हा सामान्य उपाय आहे. शेजारच्या खाटेवर सर्वांगात कर्करोग पसरलेले वृद्ध गृहस्थ असतील, तर तेच यंत्र त्यांच्यासाठी केवळ मरणाची प्रक्रिया लांबविणारा असामान्य उपाय ठरू शकते. यंत्र एकच, पण प्रश्न दोन आहेत.

इन्सब्रुकहून आलेले प्रश्न

विसाव्या शतकाच्या मध्यावर कृत्रिम श्वसनाची यंत्रे रुग्णालयांत आली आणि हा जुना विचार पुन्हा उघडावा लागला. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील भूलतज्ज्ञ डॉ. ब्रुनो हाइड यांनी पोप बारावे पायस यांना काही प्रश्न विचारले. खोल बेशुद्धीत गेलेल्या रुग्णाचे कृत्रिम श्वसन चालू ठेवलेच पाहिजे काय? ते थांबविता येते काय? २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोपनी भूलतज्ज्ञांच्या मेळाव्यापुढे यांची उत्तरे दिली.

त्या उत्तरांतील तीन मुद्दे आजही उपयोगी आहेत. पहिला मुद्दा कर्तव्याच्या मर्यादेचा. व्यक्ती, स्थळ, काळ व संस्कृती यांचा विचार करता जे उपाय रुग्णावर वा इतरांवर फार मोठा भार टाकीत नाहीत, तेवढेच सामान्यतः बंधनकारक आहेत. दुसरा मुद्दा अधिकाराचा. डॉक्टरांना रुग्णापासून वेगळा असा स्वतंत्र अधिकार नाही. रुग्णाने स्पष्ट किंवा गृहीत संमती दिली असेल, तरच ते उपचार करू शकतात. तिसरा मुद्दा नम्रतेचा. मृत्यूचा नेमका क्षण ठरविणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, चर्चचे नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वेदनाशामक औषधांसंबंधी विचारणा झाली होती. अन्य मार्ग नसेल आणि हेतू केवळ वेदना कमी करण्याचा असेल, तर औषधामुळे आयुष्य काही अंशी कमी होण्याचा संभव असला तरी ते देता येते, असे उत्तर तेव्हा मिळाले. मृत्यू घडवून आणण्याचा हेतू आणि वेदना शमविण्याचा हेतू या दोहोंमध्ये येथे रेषा आखलेली आहे.

एका कुटुंबाची परीक्षा

हे विचार पुस्तकातून प्रत्यक्ष जीवनात आले ते अमेरिकेतील एका कुटुंबामुळे. एप्रिल १९७५ मध्ये न्यू जर्सी राज्यातील २१ वर्षांची कॅरन ॲन क्विन्लन अचानक बेशुद्ध पडली. तिचा श्वास काही काळ थांबला होता आणि मेंदूला कायमची इजा झाली होती. तिला व्हेंटिलेटर लावण्यात आला. महिने लोटले, शुद्ध आली नाही. तिचे आईवडील, ज्युलिया व जोसेफ, हे श्रद्धाळू रोमन कॅथलिक होते. मुलीला यंत्रावरून काढण्याचा विचार त्यांना पाप वाटत होता. आपल्या धर्मगुरूंशी बोलल्यावर त्यांना १९५७ च्या भाषणाचा आधार समजला आणि पुष्कळ विचारान्ती त्यांनी यंत्र काढण्याची विनंती केली. डॉक्टरांनी नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयानेही नकार दिला, परंतु तेथील बिशपनी आईवडिलांच्या बाजूने निवेदन दिले. अखेर ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अनुमती दिली. अशा निर्णयात रुग्णालयाच्या नीतिसमितीचा सल्ला घ्यावा, ही त्या निकालातील सूचना पुढे अनेक रुग्णालयांनी स्वीकारली.

यानंतर घडले ते कोणाच्याच अपेक्षेत नव्हते. व्हेंटिलेटर काढल्यावर कॅरन स्वतः श्वास घेऊ लागली. ती आणखी नऊ वर्षे जगली आणि ११ जून १९८५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. या सर्व काळात तिला नळीवाटे अन्न दिले जात होते. ते थांबविण्याची मागणी आईवडिलांनी कधीही केली नाही. ते तिच्याकडे नित्य जात राहिले. पुढे त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या सेवेसाठी तिच्या नावाने संस्था सुरू केली.

त्या थोरल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते. क्विन्लन दांपत्याने मुलीचा मृत्यू मागितला नव्हता. तिच्यावर भार ठरलेले यंत्र दूर करण्याची परवानगी त्यांनी मागितली होती. यंत्र गेले, मुलगी राहिली आणि तिची शुश्रूषाही राहिली. उपचार थांबविणे म्हणजे माणसाला सोडून देणे नव्हे, हे त्यांनी नऊ वर्षे आचरून दाखविले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'हा उपाय या रुग्णाला जड जात आहे काय?' हा प्रश्न योग्य आहे. 'हा रुग्ण आम्हांला जड झाला आहे काय?' हा प्रश्न मात्र अयोग्य आहे. दोन्ही प्रश्न ऐकावयास जवळचे वाटतात, थकलेल्या मनात त्यांची सहज गल्लत होते. ख्रिस्ती विचारानुसार मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे, म्हणून त्याचे मोल त्याच्या शुद्धीवर, कमाईवर अथवा उपयोगावर अवलंबून नाही. तोलावयाचा तो उपचार, माणूस नव्हे.

मतभेदाची स्थळे

सर्व ख्रिस्ती विचारवंत एकमताचे आहेत असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी हा उपचार की शुश्रूषा, याविषयी मोठा वाद आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांच्या बाबतीत ते तत्त्वतः सामान्य साधन आहे असे सांगितले. अनेक प्रॉटेस्टंट आणि काही कॅथलिक अभ्यासकही ते परिस्थितीनुसार उपचारात मोडते असे मानतात.

दयामरणासंबंधीही मते भिन्न आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुसंख्य प्रॉटेस्टंट चर्चसंस्था मुद्दाम मृत्यू घडवून आणण्यास विरोध करतात. परंतु अमेरिकन धर्मगुरू जोसेफ फ्लेचर यांनी १९५४ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्या उतारवयात रुग्णाच्या निवडीच्या हक्काचा पुरस्कार केला. आम्ही हे मतभेद लपवू इच्छित नाही. मात्र दोन्ही बाजूंचे बहुतेक जण एका गोष्टीवर सहमत आहेत. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला एकटे टाकणे हे कोणत्याही मताने समर्थनीय नाही.

वेदना आणि सोबत

याच जाणिवेतून डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचे कार्य उभे राहिले. त्या प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. अँग्लिकन श्रद्धेच्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरावीक वेळाने नियमित द्यावे, हा पाठ त्यांनी घालून दिला. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची चिंता, घरच्यांची काळजी, आयुष्याच्या अर्थाविषयीची व्याकुळता ही सारी तिची अंगे आहेत, हेही त्यांनी शिकविले.

भारतातील पहिले हॉस्पिस आपल्याच मुंबईत, वांद्रे येथे, १९८६ साली स्थापन झाले. त्या 'शांती आवेदना सदन' संस्थेची शाखा पुढे गोव्यातही निघाली. ख्रिस्ती भगिनी तेथे सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची सेवा करतात. अमली पदार्थविषयक कायद्यातील किचकट परवान्यांमुळे मॉर्फिन मिळविणे आपल्या देशात पुष्कळ वर्षे दुर्घट होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली.

शुश्रूषेची ही निष्ठा कोणा एका धर्माची मिरास नव्हे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील निर्घृण हल्ल्यानंतर सुमारे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले आणि अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. दाखल्यातील शोमरोन्याने केले ते याहून वेगळे नव्हते.

आपल्याकडील कायदा

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, पण ठरावीक परिस्थितीत कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबविण्याचे तत्त्व मान्य केले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजेच 'लिव्हिंग विल'ला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. उपचार थांबविण्यापूर्वी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने व त्यानंतर दुसऱ्या मंडळाने रुग्णास तपासून मत द्यावे लागते. इंजेक्शन देऊन वा अन्य कृतीने मृत्यू घडवून आणणे हा मात्र गुन्हाच आहे. चार शतकांपूर्वी सालामांकात आखलेल्या रेषेशी आपल्या कायद्याची ही रेषा बरीच जुळते.

कुटुंबांसाठी विचारणीय प्रश्न

घरातील वडीलधाऱ्यांची प्रकृती ठीक असतानाच पुढील प्रश्नांवर बोलणे व्हावे, अशी आमची विनंती आहे.

१. या उपचाराने रुग्ण बरा होईल, की केवळ मरण लांबेल? डॉक्टरांचे स्पष्ट मत आपण विचारले आहे काय?

२. रुग्णाला स्वतःला काय हवे होते? त्यांनी कधी बोलून दाखविले होते काय?

३. आपण तोलत आहोत ते उपचाराचा भार की रुग्णाचे मोल?

४. उपचार थांबले तर वेदना, तहान, श्वासाची धाप आणि एकटेपणा यांसाठी आपण काय करणार आहोत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तयार असल्याखेरीज पहिल्या तिन्हींची उत्तरे अपुरी आहेत, असे आम्ही मानतो.

दोन दीनार

शेवटी ज्यांच्या आधारावर ही संस्था चालते, त्या देणगीदारांशी दोन शब्द. खर्च हाही भारच आहे हे जुन्या धर्मशास्त्रज्ञांनी मान्य केले होते, म्हणून शेत न विकणारा मुलगा दोषी ठरत नाही. परंतु मण्यार चावलेल्या त्या तरुणाचा पुन्हा विचार करावा. तो भूमिहीन मजुराचा मुलगा असेल, तर काही दिवसांचा व्हेंटिलेटर त्याच्या घराला न पेलणारा ठरतो. वैद्यकाच्या दृष्टीने सामान्य असलेला उपाय केवळ दारिद्र्यामुळे असामान्य होतो. जो घरी चालत जाऊ शकला असता, त्याला घरचे लोक डोळे पुसत उचलून नेतात. हा निर्णय नीतिविचाराने घेतलेला नसतो, तो पैशाने घेतलेला असतो.

ही रेषा तिच्या योग्य जागी राखणे हे धर्मादाय रुग्णालयाचे काम आहे. बरा होऊ शकणाऱ्याचा उपचार पैशाअभावी थांबू नये आणि बरा न होणाऱ्याची शुश्रूषा कशाही अभावी थांबू नये. उतारशाळेच्या मालकाजवळ करुणा असेलही, पण शोमरोन्याने ठेवलेल्या दोन दीनारांमुळे तो वाटसरू तेथे राहू शकला. आपण प्रतिवर्षी आमच्या हाती ठेवता ते हेच दोन दीनार आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांचा विनियोग याच कसोटीवर व्हावा, यासाठी आपण सर्वांनी आमच्यावर लक्ष ठेवावे आणि जेथे आम्ही कमी पडू तेथे निःसंकोचपणे सांगावे, अशी नम्र प्रार्थना आहे.